च्यानलच्या तक्रार सेवेचा रिव्ह्यू : अडीच स्टार, त्यातला अर्धा बाबांमुळे

ज्या कॉमेडी शोच्या स्किटवरून नागपुरात आंदोलन झालं, त्या कार्यक्रमाचा हा रिव्ह्यू नाही हे आधीच सांगून ठेवते. कार्यक्रमावर सगळे बोलून मोकळे झालेत, ज्यांनी पाहिला नाही ते तर जरा जास्तच. हा रिव्ह्यू आहे एका मराठी मनोरंजन च्यानलच्या तक्रार सेवेचा. हो बाप्पा, अशी सेवा असते, फुकट असते, कायद्यानं ठेवावीच लागते, आणि आपल्यातल्या शंभरातल्या एकानंही ती वापरलेली नसते. मी वापरली. च्यानलचं नाव टाकत नाही, कारण नाव टाकलं की लोक सेवा सोडून बाकी सगळ्यावर भांडतात.

तर झालं असं. शनिवारी रात्रीची वेळ, मानेवाड्यात आमच्या घरी जेवणं आटोपलेली, आई मेथी निवडून राहिली होती, बाबा त्यांच्या खुर्चीत, मी मोबाईलमध्ये. बाबा एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं, गणेशपेठ स्टँडवर त्यांचा आवाज फलाटाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. मागच्या वर्षी लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय बराच सुधारलाय, पण बोलणं अजून अडखळतं, शब्द तोंडापर्यंत येतो आणि तिथेच ब्रेक लागतो. स्पीच थेरपीवाल्या ताईंनी रोज मोठ्यानं काही वाचायला सांगितलं तर बाबांनी पेपर बाजूला सारला आणि स्टॉप म्हणायला घेतले. कळमेश्वर, काटोल, नरखेड. रोज सकाळी चहाआधी आमच्या घरातून गाडी सुटते. हे सगळं काहून सांगून राहिली ते पुढे कळेल.

टीव्हीवर त्या शोमधलं ते स्किट लागलं होतं. त्यात एक विदर्भातला माणूस मुंबईच्या बँकेत येतो. झालं, मले-तुले सुरू. केळं मागायला ‘केयं’ आणि डोळ्याला ‘डोया’. आता हे सगळं शंभरदा पाहिलंय, टीव्हीवर विदर्भातला माणूस आला की तो एकतर वॉचमन असतो नाहीतर येडा, आणि मुंबई-पुण्याचा नट आमची भाषा बोलतो म्हणजे दर तिसऱ्या शब्दाला ‘मले’ चिकटवतो. पण खरं सांगते, आम्ही हसलो. मीही हसले. बाबा तर सगळ्यात जास्त. तो नट म्हणाला ‘मले जाऊन राहिलो’ आणि बाबांनी लगेच, तुटक तुटक का होईना, म्हटलं, ‘मले... जाऊन राहिलो... कोन म्हन्ते बे, भैताड.’ लकव्यानंतर एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच आलं होतं. आईनं मेथी सोडून माझ्याकडे पाहिलं.

मग ब्रेकनंतर त्याच पात्राला बँकेत झटका येतो. तोंड वाकडं, हात लुळा, तो पाणी मागतो, ‘फाफी फाफी’ करतो, आणि कोणी त्याला फाईल आणून देतं, कोणी कॉफी, कोणी फणी. चार-पाच मिनिटं हेच. पब्लिक लोळून राहिलं होतं, समोर बसलेले पाहुणे टेबल वाजवत होते. मी बाबांकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही असं म्हणा. नंतर त्यांनी आईला पाण्याचा ग्लास मागितला तो बोट दाखवून. रविवारी सकाळी चहाही हातानंच मागितला. गाडी सुटली नाही.

आता सेवेकडे येते.

कुठे तक्रार करायची हे शोधणं हाच पहिला अडथळा. च्यानलवर मधूनच एक पाटी येते, कार्यक्रमाच्या आशयाबद्दल तक्रार असेल तर इथे संपर्क करा म्हणून, पण अक्षरं एवढी बारीक आणि एवढ्या घाईत की मी टीव्हीसमोर मोबाईलचा कॅमेरा उघडून उभी राहिले आणि तिसऱ्या वेळी फोटो मिळाला, तोही आमच्या ट्यूबलाईटच्या प्रतिबिंबासकट. साखर कारखान्याच्या निवडणुकीची नोटीससुद्धा यापेक्षा मोठ्या टायपात असते. वेबसाईटवर फॉर्म आहे, इंग्रजीत. मराठी च्यानल आहे हे लक्षात घ्या. मी मराठीत लिहून पेस्ट केलं तर सगळी प्रश्नचिन्हं उमटली, तीन परिच्छेदांची तीन ओळी प्रश्नचिन्हं. शेवटी ईमेल केला.

ईमेल करायच्या आधी जरा वाचून घेतलं, आणि ज्याला कधी तक्रार करायची असेल त्याच्यासाठी हे लिहून ठेवते, कारण हे कोणी सांगत नाही. केबल टीव्हीचा कायदा १९९५ चा, त्याखालचे नियम १९९४ चे (हो, नियम आधी आणि कायदा मागून, आधी अध्यादेश निघाला होता), त्यातल्या सहाव्या नियमात प्रोग्राम कोड आहे, काय दाखवायचं नाही त्याची यादी. जून २०२१ मध्ये त्यात तक्रारीच्या तीन पायऱ्या घातल्या. पहिली पायरी च्यानल स्वतः : २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय. नाही पटलं तर पुढच्या १५ दिवसांत दुसरी पायरी, म्हणजे च्यानलवाल्यांनीच मिळून केलेली संस्था, तिला ६० दिवस. त्याच्यावर दिल्लीत सरकारी समिती. मनोरंजनाच्या च्यानलांसाठी दुसऱ्या पायरीवर ‘बीसीसीसी’ म्हणून कौन्सिल आहे, २०११ पासून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाखवलेल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग च्यानलला ९० दिवस ठेवावं लागतं, म्हणून तारीख, वेळ, ब्रेकच्या आधी की नंतर, सगळं लिहा. ‘त्या दिवशी जे दाखवलं ते’ असं लिहू नका.

मी मुद्देसूद लिहिलं. भाषेवर नाही लिहिलं, त्या आजाराच्या पाच मिनिटांवर लिहिलं. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं निपुण मल्होत्रा यांच्या केसमध्ये निकाल दिला होता तो जोडला, त्यात कोर्टानं फरक सांगितलाय की अपंगत्वाबद्दलचा विनोद वेगळा, ज्यातून ते जगणं समजतं, आणि अपंग माणसालाच खाली दाखवणारा विनोद वेगळा. मला तो फरक पुस्तकी वाटला नाही, आमच्या घरात तो एका ब्रेकच्या अलीकडे-पलीकडे झाला होता.

रविवारी दुपारी ईमेल पाठवला, सोमवारी सकाळी पोच आली, नंबरसकट. २४ तासांच्या आत. एक स्टार इथेच दिला, हक्काचा आहे.

पण तोपर्यंत दुसरी सेवा चालू झाली होती, जिला फॉर्म लागत नाही. कोणीतरी त्या स्किटचा तुकडा कापला, फक्त सुरुवातीचा, मले-तुलेवाला, अर्ध्या मिनिटाचा असेल, आणि वर लाल अक्षरात ‘विदर्भाचा अपमान, किती दिवस सहन करणार??’. सोमवारी दुपारपर्यंत तो मला आमच्या गल्लीच्या ग्रुपवर, ऑफिसच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर आणि ज्या बाईकडून मी ब्लाऊज शिवून घेते तिच्याकडून असा चार ठिकाणांहून आला. ज्यांच्या घरी ते च्यानल लागतच नाही ते पेटून उठलेले. आमच्या गल्लीतल्या एका होतकरू कार्यकर्त्यानं मंगळवारी संविधान चौकात जोडे मारो आंदोलन ठेवलं. मी ऑफिसातून येताना पाहिलं, वीसेक जण, त्या नटाच्या फोटोला चपला मारून राहिले होते, दोन कॅमेरे, मग सगळे तर्री पोहे खायला. मी त्यातल्या एका ओळखीच्या पोट्ट्याला विचारलं, ब्रेकनंतरचं पाहिलं का रे? तो म्हणाला, ‘ताई, ब्रेकनंतर पन होतं का काही?’

हसू नका, मीही तीच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो यूट्यूबचा शो गाजला होता न, आई-वडिलांबद्दल घाणेरडा प्रश्न विचारलेला, गुवाहाटीपासून मुंबईपर्यंत गुन्हे नोंदवले गेले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तेव्हा मी पण तो क्लिप पुढे ढकलला होता, खाली ‘काय चाललंय हे’ लिहून. शो मी आजपर्यंत पाहिला नाही. त्यानंतर महिनाभरानं खारमधला एक कॉमेडीचा स्टुडिओ कार्यकर्त्यांनी फोडला, एका गाण्यावरून, खुर्च्या तोडल्या. त्या खुर्च्यांनी काय केलं होतं कोण जाणे.

आणि असं नाही की नागपूरला चेष्टा सहन होत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, काळी आणि पिवळी, शंभराहून जास्त वर्षं, तिच्यासोबत बडगे म्हणजे चेष्टेचे पुतळे असतात आणि त्या बडग्यांवर काय काय लिहिलेलं असतं ते वाचा एकदा. पंतप्रधानांपासून गल्लीतल्या नळाच्या पाण्यापर्यंत कोणी सुटत नाही, आणि ज्याच्यावर बडगा निघाला तोच कधी कधी बाजूला उभा राहून हसतो. पण आजारी माणसाचा बडगा मी तरी कधी पाहिला नाही. वऱ्हाडी बोलीवर हसायलाही आमची ना नाही, डॉ. मिर्झा बेग यांच्या कार्यक्रमाला बाबा मला लहानपणी खांद्यावर बसवून घेऊन गेलेत, भरत गणेशपुरे टीव्हीवर आला की बाबा आवाज वाढवतात. ते आपलेच बोलून राहिलेले असतात, म्हणून.

मी मास कॉमचा डिप्लोमा अर्धवट सोडलाय, पण त्यातली एक केस डोक्यात राहिली होती ती त्या आठवड्यात सारखी आठवत होती. १८ ऑक्टोबर २००८, बीबीसी रेडिओ २. रसेल ब्रँड आणि जोनाथन रॉस या दोघांनी अँड्र्यू सॅक्स नावाच्या ७८ वर्षांच्या नटाच्या फोनवर त्याच्या नातीबद्दल अश्लील मेसेज ठेवले आणि ते प्रसारित झालं. लाईव्ह नव्हतं, आधी रेकॉर्ड केलेलं होतं, म्हणजे कोणीतरी ऐकून ‘जाऊ द्या’ म्हटलेलं. पहिल्या आठवड्यात तक्रारी किती आल्या? दोन. मग एका रविवारच्या पेपरनं बातमी छापली आणि तक्रारी ४२ हजारांच्या वर गेल्या. ब्रँडनं राजीनामा दिला, रेडिओ २ च्या प्रमुख बाईंनी दिला, रॉस बारा आठवडे बिनपगारी घरी, आणि पुढच्या वर्षी तिथल्या नियामकानं, ऑफकॉमनं, बीबीसीला दीड लाख पौंडांचा दंड ठोकला. दंड चुकीचा होता असं माझं म्हणणं नाही, चांगला झाला. पण ज्यांनी रेडिओवर ऐकून तक्रार केली ते दोघं, त्यांना काय उत्तर गेलं असेल? मला तेच जाणून घ्यायचंय. गंमत म्हणजे हा सॅक्स ज्या भूमिकेमुळे घराघरात पोचला ती एका बार्सिलोनाच्या वेटरची होती, ज्याच्या मोडक्या इंग्रजीवर सगळी विलायत हसली. म्हणजे बोलीवर हसणं तिकडेही जुनंच आहे.

तर बुधवारी च्यानलनं जाहीर माफी टाकली. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं. ‘विदर्भातील बांधवांच्या भावना दुखावल्या असल्यास’ वगैरे. त्या ‘असल्यास’ची मला फार मजा वाटते, म्हणजे दुखावल्या की नाही ते तुम्ही बघा, आम्ही आमच्याकडून माफी ठेवून दिली आहे, लागली तर घ्या. आणि सोबत त्यांनी अख्खा भागच ॲपवरून काढून टाकला. ग्रुपवर फटाके. आमचा गल्लीतला कार्यकर्ता एका दिवसात भाऊ झाला.

माझं मात्र काम वाढलं. कारण आता कोणाला ते ब्रेकनंतरचं दाखवायचं तर ते कुठेच नाही, आणि जो क्लिप सगळ्यांकडे आहे त्यात आजार नाहीच. मी त्या तक्रार विभागाच्या नंबरवर फोन केला. अर्ध्या तासात दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा एका मुलानं उचलला. सभ्य होता, खरंच, दुसरा स्टार त्याचा. म्हणाला, मॅडम तुमची तक्रार नोंदलेली आहे, नागपूरच्या खूप आल्यात, सगळ्या एकाच विषयाखाली घेतल्यात. मी म्हटलं, अहो माझा विषय वेगळा आहे. त्यानं उघडून वाचलं असावं, कारण जरा वेळ शांत होता. मग म्हणाला, ‘मॅडम, माझ्या आजोबांना पण झाला होता. पण सिस्टीमवर विषय मला बदलता येत नाही.’ एवढं माणसासारखं बोलणं मला त्या पंधरा दिवसांत दुसऱ्या कोणाकडून ऐकायला मिळालं नाही, त्या गल्लीतल्या भाऊकडूनसुद्धा नाही.

चौदाव्या दिवशी उत्तर आलं. पंधराची मुदत, चौदाव्याला आलं, वेळेच्या बाबतीत बोट ठेवायला जागा नाही. पण आतला मजकूर? ‘विदर्भातील समृद्ध बोलीबद्दल आमच्या वाहिनीला नितांत आदर आहे.’ मी दोनदा वाचलं. बोलीबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं. लकवा, आजार, अपंग, यातला एक शब्द त्या उत्तरात नव्हता. सावजी मागवलं आणि साबुदाणा आला, वर डिलिव्हरीवाला सांगून राहिलाय की बाकीच्या सगळ्या नागपूरनं साबुदाणाच मागवला होता.

मला राग आला तो च्यानलचा कमी, आपल्या लोकांचा जास्त, आणि हे लिहिलं म्हणून मला शिव्या पडतील तर पडू द्या. मोर्चा निघाला नसता तर माझी तक्रार त्या ढिगात गेली नसती. हेही खरं की मोर्चा निघाला नसता तर भाग ॲपवरून निघाला नसता, माझ्या एकटीच्या ईमेलनं तर नक्कीच नाही. पण तो निघाला चुकीच्या कारणानं, आणि त्या नटाला, त्या लिहिणाऱ्याला आज काय कळलं असेल? की पुढच्या वेळी पात्र विदर्भाचं नको, साताऱ्याचं घ्या. झटका तोच ठेवा. २५ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टानं अपंगांवर जोक मारणाऱ्या काही कॉमेडियनना आपापल्या यूट्यूब च्यानलवर माफी मागायला सांगितली, त्यात निदान माफी कशाची हे तरी ठरलेलं होतं.

दुसऱ्या पायरीचं अपील मी मुदतीत केलंय. ६० दिवस व्हायचे आहेत, त्यामुळे त्या पायरीला स्टार आत्ता देत नाही. अपिलात पहिलीच ओळ लिहिली : ‘ही तक्रार भाषेबद्दल नाही.’ ठळक अक्षरात. रेकॉर्डिंग काढून ब्रेकनंतरची पाच मिनिटं पाहा असं लिहिलं, वेळेसकट. बाकी सेवा वापरावी का असं विचाराल तर वापरा, पैसे लागत नाहीत, वेळेत उत्तर येतं, फक्त मोर्चा निघायच्या आधी पाठवा आणि मोर्चा निघालाच तर विषयाच्या रकान्यात काय टाकलं गेलंय ते फोन करून विचारा.

राहिला तो अर्धा स्टार. अपील टाईप करत होते तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. मी त्यांना आतापर्यंत काही सांगितलं नव्हतं, वाटलं वाईट वाटेल. त्यांनी सगळं वाचलं, सावकाश, बोट फिरवत. मग खुर्ची ओढून बसले आणि बोलायला लागले, मला वाटतं दहा मिनिटं गेली असतील पण मी मध्ये बोलले नाही. म्हणाले, ‘त्या पोट्ट्याचं... तोंड. आधी उजवीकडं... वाकडं. पानी मागताना... डावीकडं. लकवा... बाजू बदलत नाही न बे.’

मी म्हटलं, बाबा, हे पण लिहू?

‘लिही. आन लिही... हात बी त्यानं... चुकीचा लुळा केला.’

लिहिलं. इतर माहिती असा एक रकाना होता, त्यात. या ओळीपुरता का होईना च्यानलला अर्धा स्टार, कारण त्यांच्या त्या फालतू उत्तरावर अपील करावं लागलं म्हणून बाबा त्या शनिवारनंतर पहिल्यांदा एवढं बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुटली, नरखेडपर्यंत गेली, ‘कळमेश्वर’ला थोडी थांबली.